रिकामी यादी

…फोनवर ती हिरवी खूण, आणि खाली ‘नवीन काही नाही’. प्रफुल्लने ती पाहिली आणि पोह्यांवर आणखी थोडं लिंबू पिळलं. जागृतीचे धुतलेले कपडे न्यायला तो हॉस्पिटलमधून अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या घरी आला होता. बायकोची तब्येत आहे तशीच आहे, असं हॉस्पिटलचं अ‍ॅप सांगत होतं, म्हणून तो बसून, चवीनं खात राहिला… मग नर्सचा फोन आला. ती गेली होती. अ‍ॅपचा सर्व्हरशी संपर्क ती जाण्याच्याही आधी तुटला होता, पण संपर्क तुटलाय, एवढं काही ते अ‍ॅप बोललं नाही.

पोह्यांवर तो आता लिंबू पिळत नाही.

आज ऑफिसात तीच हिरवी खूण आठवली. समोर टीममधल्या ऋषीचा कोड तपासायला होता. त्यांच्या कंपनीचं अ‍ॅप घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी — आईला काही झालं का, हे दूरच्या मुलानं त्यावर बघायचं. कोडमधलं प्रत्येक फंक्शन, म्हणजे एकेक काम करणारा तुकडा, जणू एक पाकीट परत देतं, आत माहिती असते नाहीतर चूक, आणि पाकीट उघडणाऱ्यानं दोन्हींचं काय करायचं ते लिहायलाच हवं. प्रफुल्लला ही पद्धत आवडायची, कारण तिच्यात चूक लपवता येत नाही, असं त्याला वाटायचं… ऋषीनं लिहिलं होतं: चूक आली तर घटनांची रिकामी यादी द्या. आणि यादी रिकामी असली की पडद्यावर ‘सगळं ठीक’.

“दादा, अप्रूव्ह करा ना यार, आज रिलीज आहे,” ऋषी मागे येऊन उभा राहिला. “क्रॅश झीरो! बघा तरी, किती क्लीन आहे.”

“सर्व्हर बंद असला तर त्या मुलाला काय दिसेल?”

“सगळं ठीक. उगाच पॅनिक कशाला? एरर दिसली की लोक अ‍ॅप डिलीट करतात.”

जागृती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या बुद्धवंदनेला याच पोरानं खुर्च्या मांडल्या होत्या, रडलाही होता. आता त्याचं तोंड प्रफुल्लला बघवेना.

“हे जाणार नाही.”

“मग दाखवू काय?”

“माहीत नाही, असं दाखव.”

“असं कोण लिहितं, दादा?”

तेवढ्यात नागपूरहून फोन आला. जागृतीची आई.

“प्रफुल्लजी, एक विचारू? शेवटी तिले लय त्रास झाला का हो?”

तो तिथं नव्हता. त्याला ठाऊक नव्हतं. पण शब्द तोंडात तयार होते — नाही आई, शांतपणे गेली, झोपेतच… इतके गुळगुळीत, इतके सोपे, की ऋषीची वाटत होती ती सगळी किळस त्याच्या स्वतःच्या जिभेवर येऊन बसली. ही म्हातारी आयुष्यभर ते शब्द धरून बसेल — आणि आत काहीच नाही…

“आई, मी ऑफिसात आहे. करतो.”

कोड त्यानं ऋषीला परत पाठवला. आईंना अजून फोन केलेला नाही.