विटेचा आजार

बाबांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पडदे ओढलेले. बाबांनी परातीतल्या भुशावर मंतरलेलं पाणी ओतलं, सात वर्षांच्या मुलीचा इवलासा हात वर धरला आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं भुशातून एक काळी अळी वर आली. मग दुसरी, मग दहा-बारा. परातीचा तिरपा काठ चढून त्या खालच्या राखेत टपटप पडल्या.

"हा पाहा रोग. माझ्या नजरेनं जळून काळा पडलाय," बाबा म्हणाले.

एवढी नजर असून यांच्या घरी चहाला गॅस कशाला लागतो, असं गर्दीत बसलेल्या थोरल्या जावेच्या मनात आलं. पण हसू आलं नाही. मुलगी तिच्या धाकट्या जावेची होती. बाबांच्या सांगण्यावरून परवापासून फिटच्या गोळ्या बंद होत्या. आणि अळ्या थोरलीच्या ओळखीच्या होत्या.

घरामागच्या शेडमध्ये ती एका खास जातीच्या माशीच्या अळ्या वाढवायची. खरकट्यावर पोसलेल्या या अळ्या म्हणजे कोंबड्यांचं प्रथिनांचं खाद्य. बाबांचा माणूस 'कोंबड्यांसाठी' म्हणून डबे न्यायचा, पण त्याला काळ्याच हव्या असायच्या. खाद्याला कोवळ्या, पांढऱ्या बऱ्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं; तरी तिनं कधी विचारलं नव्हतं.

ती घरी जाऊन भुसा आणि काळ्या अळ्या असलेला आपला तिरप्या काठाचा ट्रे घेऊन आली. भुशावर साधं पाणी ओतलं आणि मुलीच्या जागी मध्ये एक वीट ठेवली. अश्रद्ध हाताला यश नाही, असं बाबा बजावत राहिले. तोवर अळ्या विटेला वळसा घालून बाहेर निघाल्याही.

"बाबा, विटेला काय झालं होतं?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाबा विटेचं पूर्वकर्म सांगू लागले.

थोरली लोकांकडे वळली. वाढ पुरी झालेली अळी काळी पडते, खाणं सोडते आणि कोश करायला ओल सोडून कोरड्यात जाते, हे तिनं समजावलं. मग आवाज जरा खाली आला. "ह्या अळ्या माझ्याच. मी विकल्यात. ज्यांनी औषधं बंद केलीत, त्यांनी आजच डॉक्टरांकडे जा. आणि चमत्कार दिसला की आधी स्वतःच्या हातानं करून बघा."

काही जण उठले. काही तिथेच बसून राहिले.

धाकटी मुलीला घट्ट धरून होती. "म्हणजे तिच्यातून काहीच गेलं नाही?"

"नाही गं."

"मग आता गोळी एक द्यायची की दोन?"

"मला नाही ठाऊक. ज्यांना ठाऊक आहे त्यांना विचारू. घे तिला कडेवर, चल."