डिकीवरचा हात

काळ्याला दुसरा रंग चढत नाही म्हणतात. पण ऊन काळ्यालाही राखेसारखं करून सोडतं, हे ज्याला पोटापाण्यासाठी ठाऊक झालं होतं, त्या माणसाला सगळं गॅरेज ‘काजळशेठ’ म्हणून हाक मारी. बंपर, आरशांची टोपणं, दारांखालच्या पट्ट्या, जे जे काळं प्लॅस्टिक उन्हात विटून जाई ते त्याच्याकडे येई आणि काळंभोर होऊन परते. तेल चोपडून पहिल्या पावसापुरती चकाकी देणाऱ्यांतला तो नव्हता. आधी ब्रशनं घासून प्लॅस्टिकच्या दाणेदार कातडीतला सगळा मळ, सगळा तेलकटपणा काढायचा, मग कोटिंगचा पातळ हात द्यायचा आणि ते सुकेपर्यंत त्याच्याजवळ मोठ्यानं श्वासही घ्यायचा नाही. “उघडं राहिलं ते मेलं,” हे त्याचं ब्रीद.

त्या ब्रीदाची वैरीण त्याच्या घरातच होती. मोठ्या आजारावरच्या उपचारांनंतर बायकोच्या कातडीला ऊन सोसेनासं झालं आणि डॉक्टरांनी तिला सनस्क्रीन लावल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडायची बंदी केली. ती ते हाताला फासून बाहेर येई आणि सँडलचा पट्टा ओढताना तोल सावरायला हात टेकवी तो नेमका आपल्या छोट्या गाडीच्या डिकीवर, खालच्या रुंद काळ्या पट्टीवर. काळ्या प्लॅस्टिकवर सनस्क्रीन म्हणजे चुना. बसला की उठायचं नाव घेत नाही.

“अगं, तिथं हात लावू नकोस!”

“गाडी माझी, हातही माझा. तुमचं काय गेलं?”

“माझी दुपार गेली.”

“मला जपायला डॉक्टर आणि गाडीला जपायला तुम्ही. नशीब काढलंन हो गाडीनं!”

तो चरफडत ठसा घासून काढी आणि ती पुन्हा उमटवी. संसारातलं ते एक न मिटणारं, गोड भांडण होतं.

शेवटचं दवाखान्यात जाताना ती डिकीपाशी थांबली. त्या वेळी तोल सावरायला सँडलचं निमित्त लागलं नाही. पाचही बोटं, तळवा, किंचित बाजूला गेलेला अंगठा, सगळा हात काळ्यावर उमटला. त्याच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं होतं. त्यानं ते गिळलं आणि दार उघडलं. गाडी घरी परतली. ती परतली नाही.

आता गाडी मुलीकडे जाणार होती, दूरच्या, जास्त उन्हाच्या गावी. फोनवर ती एवढंच म्हणाली, “बाबा, गाडीचं काय हवं ते करा. आईचा हात तेवढा राहू द्या.”

राहू द्या म्हणणं सोपं होतं. हातामागचं काळं विटू लागलं होतं. आणखी एक उन्हाळा, की राखेवर चुना उठून दिसला नसता. पांढऱ्याला दिसायला मागं काळोख लागतो. म्हणून त्यानं मास्किंग टेपच्या दोऱ्यासारख्या पट्ट्या कापल्या आणि एकेका बोटाची कड राखत, हाताला न शिवता, त्या चिकटवायला घेतल्या.

शेजारच्या शेडमधून डेंटिंगचं काम करणारा मेहुणा डोकावला. “काय भावोजी, संगमरवरावर नक्षी कोरताय का?” मग वाकून पाहिलं आणि त्याचा आवाज खाली बसला. “ताईचा ना?”

“हं.”

मेहुण्यानं जाऊन आपलं घासायचं मशीन बंद केलं, धूळ उडू नये म्हणून.

भोवतालचं प्लॅस्टिक काळं झालं, सुकलं, टेप निघाली. अंधाऱ्या डोहातून कुणी हात वर काढावा तसा तो ठसा उजळून आला. मेहुणा म्हणाला, “झालं, भावोजी. आता काही करू नका.”

त्यानं थांबायलाच हवं होतं. पण त्याला पाऊस दिसला; धुलाई केंद्रावरचा पाण्याचा मारा दिसला; पेट्रोल पंपावर सलगीनं ओला फडका फिरवणारा कुणी अनोळखी दिसला. सगळी गाडी जपली आणि तेवढाच हात उघडा? त्यानं बारीक ब्रश घेतला आणि ठशावर कोटिंगचा एकच, पिसासारखा हलका हात दिला.

न धुतलेल्या प्लॅस्टिकवर उभ्या आयुष्यात त्यानं कोटिंग लावलं नव्हतं. ते आत मुरतं आणि कोरड्या पांढरेपणाला पिऊन काळं करतं, त्यावरच तर त्याचं पोट चालत होतं.

पांढरं मावळलं. “ओलं असताना सगळंच काळं दिसतं,” गिऱ्हाइकाला सांगावं तसं तो स्वतःला म्हणाला आणि वाट पाहत बसला. सुकलं तेव्हा ते अधिकच काळं झालं. त्यानं बॅटरीचा उजेड तिरका धरला, आडवा धरला.

“इथून जरा बोट दिसतंय,” मेहुणा म्हणाला.

“खोटं बोलू नकोस.”

मेहुण्यानं मान खाली घातली. “नाही दिसत, भावोजी.”

सकाळी मुलगी आली ती थेट डिकीकडे गेली. ती पट्टी इतकी काळी होती की तिचा चेहरा तीत धूसर हलला. तिनं वळून पाहिलं.

“जपायला गेलो गं,” तो म्हणाला.

ती रडली नाही, तेच त्याला सोसेना. तिनं विचारलं, “कुठं होता नेमका?”

त्यानं डोळे मिटून दाखवलं. जागा चुकण्याची सोयच नव्हती. मुलीनं तिथं तळवा टेकवला आणि सवयीनं त्याच्या घशात ते जुनं वाक्य चढून आलं. ते गिळून तो म्हणाला, “दाब. अजून दाब, बाळा.”

तिनं सगळं अंग त्या हातावर रेललं. मग हळूच हात उचलला. वाफेचा एक पुसट पंजा क्षणभर थरथरला आणि कडेकडेनं आत मिटत गेला.

कोटिंग उत्तम बसलं होतं. त्याच्यावर आता काहीही उमटणार नव्हतं.