पहिल्या मापाचा रकाना

"किती?" सभागृहाच्या मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले.

पट्टीकाकांनी भिंतीवरच्या खडूच्या दोन रेघांमध्ये पोलादी पट्टी धरली, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात सांगितले, "सात सेंटिमीटर."

टाळ्यांचा कडकडाट झाला. खिडकीत लटकलेल्या पोरांनी शिट्ट्या वाजवल्या.

गेले चार रविवार कामगार वसाहतीच्या त्या सभागृहात सकाळपासून पाय ठेवायला जागा नसे. मधोमध उंच खुर्चीवर कंपनगुरू बसत. "शरीर म्हणजे रेडिओ, मंडळी! स्टेशन हललं की खरखर सुरू. तुमचं दुखणं म्हणजे नुसती खरखर. मी फक्त काटा फिरवतो!" रेडिओ दुरुस्त करणारा एक म्हातारा तिसऱ्या रांगेत बसे, तोही मान डोलवी, मग इतरांची काय कथा?

पद्धत ठरलेली होती. खांदा दुखणाऱ्याला भिंतीशी उभे करायचे, हात जाईल तितका वर न्यायला सांगायचे आणि बोटाच्या टोकाशी रेघ मारायची. मग गुरू डोळे मिटून, गुणगुणत, तो खांदा दोन मिनिटे हलकेच झुलवत, फिरवत. याला म्हणायचे 'कंपने जागवणे'. मग मनगटात तांब्याची कडी, आणि हात पुन्हा वर. दुसरी रेघ हटकून पहिलीच्या वर पडे! शेवटी कडीसकट हात पिवळ्या पट्टीने छातीशी करकचून बांधला जाई. "पुढच्या रविवारपर्यंत हलवायचा नाही. हलला की कंपनं सांडली!"

मोजणी पट्टीकाकांकडे होती. चौतीस वर्षे ते कारखान्यात मापतपासनीस होते. निवृत्त झाले तरी खिशातली पट्टी निवृत्त झाली नव्हती. काका म्हणाले सात, म्हणजे सात. गुरू तर उघड म्हणत, "मी एक वेळ खोटं बोलेन, काकांची पट्टी बोलणार नाही!" त्यांनी महिनाभरात सांगितलेली ही एकच गोष्ट खरी होती.

आजचे सात सेंटिमीटर काकूंचे होते. पट्टीकाकांच्या स्वतःच्या बायकोचे.

दुपारी भाची आली. सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ती फिजिओथेरपिस्ट होती. खोलीत शिरताच तिने झाकून ठेवलेले शिलाई यंत्र पाहिले, मग मामीच्या छातीवरची पिवळी पट्टी.

"मामी, सोड ते आधी."

"कंपनं सांडतील गं."

"सांडू देत. मी फडकं घेऊन पुसते."

काकूंना हसू फुटले, पण भाचीने हात धरून हळूच बाजूला नेला तसे ते विरले. हात वीतभर गेला आणि आत कोणी बोल्ट आवळावा तसा थांबला. भाचीही गंभीर झाली.

"मामा, हा खांदा गोठतोय. दुखतो म्हणून हलत नव्हताच, त्यात तुम्ही बांधून घातलात. असंच चाललं तर मामीला बाहीत हात घालायलासुद्धा माणूस लागेल. शिवणं तर विसराच."

"पण वाढतोय ना! सहा, सहा, सात, सात. माझ्या हातचं माप आहे."

"सात कुठून?"

"कुठून म्हणजे?"

"जमिनीपासून किती होता, ते सांगा. पहिल्या रविवारी किती, आज किती?"

पट्टीकाकांनी वही काढली. जुन्या सवयीने त्यांनी तीन रकाने आखले होते: पहिले माप, दुसरे माप, फरक. लोकांना फक्त तिसरा हवा असे, म्हणून तेही तिसराच वाचत. आज त्यांचे बोट प्रथमच पहिल्या रकान्यावरून खाली उतरले. १४८. १४६. १४३. १३९.

बोट थांबले. मग ते दुसऱ्या रकान्यात आजच्या तारखेपाशी गेले: १४६. चमत्कार होऊन गेल्यानंतरचा आजचा हात, महिन्यापूर्वी चमत्कार होण्याआधीच्या हातापेक्षा दोन सेंटिमीटर खाली होता.

"अहो," काकू म्हणाल्या, "पाणी देऊ का?"

"उद्या माझ्याकडे घेऊन या," भाची म्हणाली.

"कसा येऊ?" पट्टीकाकांनी वही मिटली. "माझ्या शब्दावर अकरा जणांनी हात बांधून घेतलेत. आमच्याच घरचा सुटलेला दिसला तर..."

"मग ते अकरा आणि मी बारावी, सगळी तुमच्या शब्दात कोंडलोय," काकू म्हणाल्या. "दाराची किल्ली तुमच्या खिशात आहे. मी जाणार. रस्त्याने जाताना ही पट्टी बांधीन, तुमच्या अब्रूसाठी. पण रविवारपर्यंतच हं. पुढे नाही."

तो आठवडा पट्टीकाकांना श्वास पुरेनासा झाला. वसाहतीतून बाहेर पडायला रस्ता एकच, आणि त्या रस्त्यावर पिवळ्या पट्ट्याच पट्ट्या. किराणा दुकानदाराने डाव्या हाताने कशीबशी पुडी बांधत म्हटले, "काका, तुम्ही होता म्हणून तर विश्वास ठेवला! रात्री ठणकतं जरा, पण तुम्ही सहा म्हणालात ना?" पट्टीकाका मान खाली घालून पुढे झाले. पुढे न्हावी भेटला. त्याचाही उजवाच हात बांधलेला.

रुग्णालयात लांब बोळाच्या टोकाची खोली होती. तिथे कोणी गुणगुणत नव्हते. भाचीने आधी मामीचा हात किती वर जातो ते मोजून लिहिले. मग शेक, मग वाकून हात लंबकासारखा झुलवणे, मग बोटांनी भिंत चढणे. घरी रोज तीन वेळा करायचे व्यायाम तिने कागदावर काढून दिले. "बोचेल तेवढं चालेल. कळ आली तर थांबायचं. आठवड्यातून दोनदा इथं, बाकी काम घरी. दोन दिवसांत काही होणार नाही, महिने लागतील."

"माप आधी का घेतलंस?" पट्टीकाकांनी विचारले.

"व्यायामानंतर हात वर जातोच, मामा. स्नायू सैलावतात, भीती कमी होते. त्यावर खूष व्हावं, विसंबू नये. खरी प्रगती आधीच्या मापात दिसते. तुमच्या गुरूंनी दोन मिनिटं माझंच काम केलं, श्रेय कडीला दिलं, आणि आठवडाभर बांधून तेही मातीत घातलं."

रविवारी भिंतीशी टपालवाला उभा होता. पहिली रेघ पडली. गुरूंनी खांदा झुलवला, गुणगुणले आणि कडीकडे हात नेला.

"थांबा," पट्टीकाका म्हणाले. "कडी नंतर. हात आत्ताच वर करा."

टपालवाल्याने गुरूंकडे पाहिले, काकांकडे पाहिले आणि हात वर केला.

"पाच सेंटिमीटर. कडीशिवाय."

गुरू सावरले. "कंपनं माझ्या बोटांतूनही वाहतात, मंडळी!"

"मग हे वाळं कशाला मिरवू?" टपालवाला म्हणाला, आणि मागून हशा उसळला.

पट्टीकाकांनी वही उघडली आणि बारा जणांचा पहिला रकाना मोठ्याने वाचला. नऊ जणांचे हात महिन्यात खाली आले होते, तिघांचे होते तिथेच होते. वर एकाचाही गेला नव्हता. "आकडे खरे आहेत, माझेच आहेत. मी तुम्हाला फक्त फरक वाचून दाखवला. यांनी फसवलं, पण खात्रीचा शिक्का मी मारला. चूक माझी."

काकू उठल्या. सर्वांसमोर त्यांनी डाव्या हाताने पिवळी गाठ सोडली आणि पट्टी टेबलावर ठेवली.

"महिनाभर हात बांधून ठेवलात आमचे!" दुकानदार ओरडला.

"हो," पट्टीकाका म्हणाले.

गोंधळ शमेपर्यंत उंच खुर्ची रिकामी झाली होती. मागच्या दारातून निघताना गुरूंची स्वतःची कंपने मात्र चांगलीच जागी झाली असावीत.

दुकानदार आजही पट्टीकाकांशी बोलत नाही. पण मंगळवारी आणि शुक्रवारी तो बोळाच्या टोकाच्या त्याच खोलीत, काकूंच्या शेजारच्या बाकावर बसतो. चार महिन्यांनी काकूंचे पहिले माप १६४ झाले आहे. पूर्ण हात अजून उठत नाही. पण पोलादी पट्टी आता त्या स्वतः धरतात आणि आकडाही स्वतःच लिहितात.

वाचकहो, दुखरा सांधा बांधायचा की हलवायचा, हे तपासून सांगणारी शिकलेली माणसे आहेत, त्यांच्याकडे जा. आणि कोणी डोळ्यांदेखत चमत्कार दाखवलाच, तर हात जोडण्याआधी दोन प्रश्न विचारा: हे केले नसते, तर काय झाले असते? आणि महिन्यापूर्वी मी कुठे होतो? हे विचारल्याने खऱ्या औषधाचे काही बिघडत नाही. जो बिथरतो, त्याच्यापुढे हात बांधून उभे राहू नका.