जाणाऱ्या ट्रकचे ब्रेक

मित्रांनो, मी एक जुना डिझेल ट्रक आहे, आणि गेली काही वर्षं मी रोज सकाळी मरतो. म्हणजे मला मारलं जातं. यार्डात चहा आला की कुणीतरी फोनवरची बातमी मोठ्याने वाचतं आणि मग सगळ्यांचं एकमत होतं, की डिझेलचे दिवस भरले, आता विजेचे ट्रक. चहा संपतो. कप बादलीत पडतात. मग हेच लोक उठून माझ्या पाठीवर फरश्यांची खोकी चढवायला लागतात. गेलेल्याच्या अंगावरचं ओझं उतरवतात असं मी ऐकून होतो. आमच्याकडे चढवतात.

पण सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा नुसता कुरकुरतो आहे.

माझं इंजिन आणि सांगाडा मोठ्या कारखान्यात तयार झाला, पण माझी केबिन एका सुताराने हाताने बांधली. त्याला वाकड्या खिळ्याचा इतका तिटकारा होता की एक खिळा तिरका गेला तर तो सगळी फळी उखडायचा. मला हिरवा रंग दिला. आमच्या मालकीणबाईंचे वडील तेव्हा यार्ड चालवत. ते रोज सकाळी माझ्या प्रत्येक चाकावर थाप मारून जायचे, जसं लोक घरातून निघताना मुलांच्या डोक्यावर हात ठेवतात तसं. चाकात हवा कमी असेल तर त्यांना थापेच्या आवाजावरून कळायचं. त्या काळी मी आजारी पडण्याआधीच माझं औषध व्हायचं. आता ते दिवस आठवले तरी रेडिएटर भरून येतो.

माझ्यावर ड्रायव्हर आले ते उस्ताद. नाव काय ते यार्डात कुणी विचारत नाही, सगळे उस्तादच म्हणतात. त्यांच्या मुलीचं बालपण माझ्या सीटमागच्या फळीवर गेलं. तिथे ती झोपली, तिथेच तिने पाढे पाठ केले, आणि पुढे पाय पेडलला पोचायला लागल्यावर माझ्यावरच गाडी शिकली. यार्डात तिला छोटी म्हणतात. आता ती वडिलांपेक्षा उंच आहे, तरी छोटीच.

उस्तादांचा एक नियम होता. घाट चढताना जो गिअर लागतो, उतरतानाही तोच ठेवायचा. तुमच्यासाठी सोपं करून सांगतो. ट्रक गिअरमध्ये असला की उतारावर इंजिन त्याला मागे ओढून धरतं. न्यूट्रल केला की इंजिन चाकांचा हात सोडून देतं. मग थोडं डिझेल वाचतं खरं, पण फरश्यांनी भरलेला सगळा डोलारा एकट्या ब्रेकच्या जिवावर खाली धावतो. एखादा ड्रायव्हर न्यूट्रलवर उतरला असं कळलं की उस्ताद त्याला यार्डात सगळ्यांसमोर सोलायचे. "न्यूट्रलवर टाकायचं ते डोकं, तेही घरी जाऊन. ट्रक नाही!"

अशी बरीच वर्षं गेली. मग तो आला.

पांढराशुभ्र, गुळगुळीत, आणि आवाज? नाहीच. फाटकातून आत आला तेव्हा त्याच्यासमोर झोपलेलं कुत्रंसुद्धा उठलं नाही. सगळे त्याच्याभोवती उभे राहून फोटो काढत होते. माझा फोटो आजवर एकदाच काढलाय, विम्यासाठी. विजेच्या ट्रकवर बसायला कोण तयार, असं मालकीणबाईंनी विचारलं. सगळे आपापले बूट बघायला लागले. छोटीने हात वर केला.

उस्ताद म्हणाले, "ट्रक चालवायला शिकवलं मी, आणि ही बसणार मिक्सरवर."

"बाबा, मिक्सर तुमच्यापेक्षा कमी आवाज करतो," छोटी म्हणाली.

तेव्हापासून त्याचं नाव मिक्सर पडलं आणि माझं आजोबा.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल मी मिक्सरवर जळतो. मुळीच नाही. तो बिचारा स्वभावाने गरीब आहे. मी वैतागलोय तो माणसांवर. निम्मे म्हणतात, उद्यापासून सगळे ट्रक विजेचे. निम्मे म्हणतात, छे, हे खेळणं आहे, चढावर बंद पडेल. अरे, जरा बघा तरी! रोज ठरलेल्या रस्त्याने जायचं आणि संध्याकाळी घरी येऊन चार्जिंगला लागायचं, हे काम मिक्सर माझ्याहून चांगलं करतो. धूर नाही, खडखडाट नाही, आणि उतारावर तो स्वतःची बॅटरी थोडी भरूनही घेतो. पण लांबच्या रस्त्याला, जिथे चार्जिंगची सोयच नाही, तिथे त्याला कोण पाठवणार? बॅटरीचंच वजन एवढं, की तेवढा माल कमी घ्यावा लागतो. म्हणजे काही कामं त्याची, काही अजून माझी. पुढे कदाचित सगळीच त्याची होतील. होऊ देत. पण ते पुढे आहे, आणि आज आज आहे. या मधल्या वर्षांचं काय, हे चहावाल्या बैठकीत कुणीच बोलत नाही.

मधली वर्षं कशी असतात ते मी सांगतो. माझा वायपर तुटला. मिस्त्री म्हणाला, "आता कशाला? जाणारच आहे." आरसा सैल झाला, तो सुतळीने बांधला. जाणारच आहे. ब्रेकला हवा पुरवणाऱ्या नळीतून सूंऽऽ असा आवाज यायला लागला. जुनी गाडी आहे, करणारच. आणि ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकाला घासून ट्रक थांबवणाऱ्या पट्ट्या, त्या झिजून पापडासारख्या झाल्या. छोटीने मालकीणबाईंना सांगितलं. मालकीणबाई वाईट नाहीत हो. पण त्यांनीही तेच म्हटलं, "विकायच्या गाडीला नवे लायनर कोण घालतं, सांग बरं?"

आणि खेपा? खेपा मात्र होत्या तेवढ्याच. खेपांना कुणी म्हणालं नाही, की आता कशाला.

मग फरशीच्या कारखान्याकडून निरोप आला, की आमचा माल शक्यतो विजेच्या ट्रकने न्या. मालकीणबाईंनी ठरवलं, काही दिवस दोन्ही ट्रक घाटाच्या रस्त्यावर पळवू. मिक्सर स्वस्तात पडला तर दुसरा तसाच घेऊ आणि आजोबांना विकू.

"आणि मी?" उस्तादांनी विचारलं.

"तुम्ही आता गेटवर बसा, उस्ताद. खुर्ची देते. आराम करा."

त्या प्रेमानेच म्हणाल्या. पण उस्तादांचा चेहरा मी माझ्या सुतळीबांध्या आरशात पाहिला. ज्या माणसाने आयुष्यभर फाटकातून बाहेर जाणं हेच काम केलं, त्याला फाटक उघडायला बसवणार! "मला त्या मिक्सरचं काही जमायचं नाही," ते रात्रंदिवस घोकायचे. म्हणजे मी विकला गेलो की त्यांचंही ड्रायव्हरपण संपलं. एवढंच त्यांना दिसत होतं, आणि त्यावर उपाय म्हणून त्यांना एकच सुचलं. मी डिझेल कमी प्यायलो पाहिजे.

त्या दिवशी सकाळी आम्ही घाट चढलो. मी पुढे, मागे मिक्सर. माथ्यावर ऊन होतं, रस्ता मोकळा होता. उतार सुरू झाला आणि उस्तादांचा हात गिअरच्या दांड्यावर गेला. मला वाटलं, खालचा गिअर घालणार. त्यांनी न्यूट्रल केला.

उस्तादांनी! मी थक्क झालो. आणि मला बोलता येत नाही, मित्रांनो, हीच माझी जन्माची अडचण आहे. जे माझ्याकडे होतं त्याने मी ओरडलो. नळीतून सूंसूं केलं. हवेच्या दाबाचा काटा खाली खाली नेऊन दाखवला. ब्रेक तापले तसा जळका वास केबिनमध्ये सोडला. यापेक्षा स्पष्ट काय बोलू? पण इतके महिने माझ्या प्रत्येक आवाजाला "जुनी गाडी आहे, करणारच" म्हणायची सवय लागलेली. उस्तादांनी काच थोडी खाली केली. बस्स.

मागून छोटीला माझ्या चाकांतला धूर दिसला. ती जिवाच्या आकांताने हॉर्न वाजवायला लागली.

उस्ताद आरशात बघून म्हणाले, "बघा, बाईसाहेबांना पुढे जायचंय! मिक्सरला घाई झाली!" आणि हट्टाने रस्त्याच्या मधोमध राहिले.

पुढचं वळण आलं. त्यांनी पेडल पार तळापर्यंत दाबलं, पण वेग कमी होईना. लायनर इतके तापले होते की त्यांची पकडच सुटली. आता त्यांनी गिअर घालायला घेतला, पण एवढ्या वेगात तो बसतो कुठला? माझ्या पोटात गिअरचे दात दातांवर करकरले. "अरे देवा, अरे देवा," एवढंच ते म्हणत होते. मला म्हणत होते की देवाला, ठाऊक नाही.

वळणापलीकडे, ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी बाजूला चढावर नेलेली एक वाट आहे. तिच्यावर खोल वाळू पसरलेली असते. उस्तादांनी स्टिअरिंग तिकडे वळवलं. मी वाळूत शिरलो, रुतलो, आणखी रुतलो, पाठीवरची खोकी पुढे येऊन केबिनवर आदळली, आणि त्या सुताराच्या फळ्या कुरकुरल्या, पण फुटल्या नाहीत. मी थांबलो.

छोटी धावत वर आली. दार उघडून तिने आधी वडिलांचे हात, पाय, डोकं चाचपलं. काही मोडलेलं नाही हे कळल्यावर मग ती भडकली.

"न्यूट्रल? बाबा, न्यूट्रल? तुम्ही?"

"तुझा मिक्सर नीट लावलास ना? चाकाखाली दगड ठेवलास?"

"विषय बदलू नका!"

उस्ताद खाली मान घालून बसले होते. म्हणाले, "डिझेल वाचवत होतो गं. याच्यासाठी." आणि माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवला.

माझ्यासाठी! मित्रांनो, सांगा, मी मागितलं होतं का? मला ना शर्यत हवी होती, ना बक्षीस. मला लायनर हवे होते.

छोटी पायरीवर बसली. तिचा आवाज एकदम लहान झाला. "हा गेला तर दुसरा ट्रक मिळेल, बाबा. तुम्हाला कुठून आणू?"

उस्तादांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "रडू नकोस. वाळूत पाणी सांडलं तर गाडी निघायची नाही." ती रडता रडता हसली आणि त्यांना एक धपाटा घातला.

मला ओढून यार्डात आणलं. फुटक्या फरश्या उतरवल्या. आणि दुसऱ्या दिवशी, खोटं नाही सांगत, मिस्त्रीने हवेची नळी बांधली, लायनर तेच ठेवले आणि म्हणाला, "गार झालेत आता. आणखी दोनचार खेपा निघतील."

छोटीने मिक्सर सुरू केला, फाटकात नेऊन आडवा उभा केला आणि चावी खिशात टाकली. आतल्या गाड्या आत, बाहेरच्या बाहेर. सगळीकडून हॉर्न. मालकीणबाई चष्मा सावरत धावत आल्या.

"अगं, काय हे? काढ आधी तो!"

"आजोबांना लायनर घाला, काढते."

"अगं, तो विकायचा आहे!"

"विकेपर्यंत उभा ठेवणार आहात का?"

"उभा कसा ठेवीन? खेपा कोण करणार?"

बोलल्या आणि मालकीणबाईंना स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग उस्तादांकडे. मिस्त्रीला म्हणाल्या, "बघतोस काय? चाकं खोल." आणि मग जरा हळू, "माझ्या वडिलांनी मला आज दारात उभं केलं नसतं."

तेव्हा उस्ताद पुढे झाले. म्हणाले, "लायनर तर घालाच. पण मी न्यूट्रलवर उतरलो, हेही लक्षात ठेवा. दुसऱ्या कुणाला मी यासाठी ट्रकवरून खाली उतरवलं असतं." आणि माझी चावी त्यांनी मालकीणबाईंच्या हातात दिली.

फरशीचा रस्ता आता मिक्सरचा आहे. त्याच्यासारखा दुसराही आला. उस्ताद बरेच दिवस छोटीच्या शेजारच्या सीटवर बसून घाट चढले-उतरले. लेक बापाला रागवायची, "बाबा, पाय उचला, आदळू नका!" मग एकदा उतारावर त्यांनी स्वतः वेगाच्या पेडलवरून पाय उचलला आणि ट्रक आपोआप मागे ओढून धरल्यासारखा सावकाश झाला. उस्ताद ओरडलेच म्हणे, "अरे, हा तर जन्मतः गिअरमध्ये आहे!" आता दुसरा मिक्सर तेच चालवतात. गेटवरची खुर्ची रिकामी आहे.

आणि मी? माझं विकणं पुढे ढकललंय, रद्द नाही. लांबच्या, चार्जिंग नसलेल्या रस्त्यांना मला पाठवतात. माझ्यावर आता एक तरुण ड्रायव्हर बसतो. त्याची मोठी बहीण रोज फोन करून एकच प्रश्न विचारते, "पोचलास का रे?" तो वैतागून म्हणतो, "हो गं ताई, पोचलो."

मित्रांनो, डिझेलचे ट्रक जाणार की राहणार, यावर तुम्ही खुशाल वाद घाला. मोठे व्हाल तेव्हा हवे ते ट्रक बनवा, मी आड येणार नाही. पण तुमच्याकडे काहीही जुनं, जायला निघालेलं असेल आणि त्याच्यावर अजून कुणाचा जीव बसत असेल, तर त्याला शेवटच्या दिवसापर्यंत तेल घाला, त्याचा आवाज ऐका, त्याचे ब्रेक बघा. मी कधी जायचं ते तुमच्या हातात आहे. त्या ताईला रोज "पोचलो" असं ऐकू यायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे.