हेलिकॉप्टर उठत नाही

"उठंना," आबा म्हणाले.

पाती फिरत होती. गवत चारी बाजूंनी झोपत होतं. रिमोटवर उडणारं हातभर लांबीचं हेलिकॉप्टर मात्र जमिनीवरच थरथरत राहिलं. निघायचं म्हणून चप्पल घातलेल्या पाहुण्याने दारातच बोलत उभं राहावं तसं.

"बंद करा आबा, मोटर तापंल."

क्रांती सकाळच्या गाडीने रहिमतपूरहून माधवनगरला माहेरी आली होती, एवढ्यासाठीच. फोनवर आबांनी तब्येतीचं काही सांगितलं नव्हतं. मशीन दम टाकतंय, ये. बस.

बॅटरी.

नवी. तिनेच आणलेली. मीटरवर पूर्ण भरलेली. तरी उठेना.

"जुनीच बरी व्हती मग," आबा म्हणाले. "उगं बदनाम केली बिचारीला."

आबांचं आयुष्य कुपवाडात जळक्या मोटरींना नवी तार भरण्यात गेलं. हे हेलिकॉप्टर एका साहेबाच्या मुलाने आपटून टाकून दिलेलं. आबांनी ते उभं केलं आणि निवृत्तीनंतर बंद गिरणीमागच्या या माळावर रोज उडवलं. रोज, म्हणजे दिवाळीपर्यंत.

दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका. पाय सुधारला. बोलणं सुधारलं. हातही सुधारला, असं डॉक्टर म्हणाले, आई म्हणाली, येणारेजाणारे म्हणाले. आबाही म्हणाले.

दातेरी चाक.

मोटरच्या दांड्यावरचं हे चाक सैल असलं की मोटर नुसतीच फिरते, पात्यांना ओढ मिळत नाही. क्रांतीने स्क्रू आवळून पाहिला. घट्ट होता.

"एका वेळी एकच बदल. दोन बदललंस तर चोर कोण कळायचं न्हाई."

"ठाऊक हाय वं. अंगाईच्या जागी हेच ऐकलंय मी."

"म्हणून तर सासरचा मिक्सर चालतोय."

"तुमचं जावई मिक्सर बिघडला की पाट्याकडं बघत्यात."

आबा हसले. तोंडाची डावी बाजू जरा मागे राहिली.

वायर काळी पडली नव्हती. ठेवणीतली मोटर घालून पाहिली. तेच.

"परत लावा," ती म्हणाली. या वेळी तिने हेलिकॉप्टरकडे पाहिलंच नाही.

रिमोटवरची डावी स्टिक वर सरकेल तितका जोर. आबांचा अंगठा सरकला. अर्ध्याच्या थोडा पुढे गेला. थांबला. चेहऱ्यावर मात्र पुरता जोर लावल्याचा ताण. स्टिकची पुढची वाट अंगठ्याला कळतच नव्हती.

"फुल्ल दिलंय बघ."

"व्हय."

सांगायचं?

कसं?

"आबा, मशीनच जुनं झालंय. ऱ्हाऊ द्या आता."

"अजून एक बदलायचं राहिलंय."

"काय?"

"उडवणारा."

त्यांनी रिमोटचा पट्टा मानेतून काढायला घेतला. तो कानाला अडकला. तिने सोडवला आणि आपल्या गळ्यात घातला.

मग तिने अंगठा अर्ध्याच्या थोडा पुढे नेला, आणि मुद्दाम तिथेच धरला. पाती फिरली. गवत झोपलं. हेलिकॉप्टर जागेवर.

"बघा. मलाबी उठंना."

आबा डोळे मिटून ऐकत होते.

"क्रांते."

"आं?"

"पुरतं दे. मोटर अजून मागतीया."

तिचा अंगठा हलेना.

"मोटरीच्या आवाजात बापाला फसवतीस व्हय गं?" ते म्हणाले. रागाने नाही. "दे पोरी. मला कळू दे."

तिने पुरतं दिलं.

हेलिकॉप्टर उठलं. गुडघ्याएवढं, डोक्याएवढं, मग गिरणीच्या भिंतीवरून पलीकडचं ऊन लागेल इतकं. तिला नीट दिसत नव्हतं. ते झुकायला लागलं.

"डावीकडं चाललंय. सांभाळ," आबा म्हणाले.

उजव्या हाताने त्यांनी आपला डावा हात मनगटाशी धरून उचलला, सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि वर बघत उभे राहिले.