लवूच्या नावाचं रक्त

लवूने उकडलेल्या दुधीची फोड बोटाने ताटाच्या कडेला ढकलली. ती पाणी सोडत परत भातापाशी घसरली. जाळ्यात सापडलेलं असलं गिळगिळीत काहीबाही त्याने जन्मभर समुद्रात परत फेकलं होतं. आता तेच बायको ताटात वाढत होती.

"काय गो ह्यां? मेलेल्या माणसाच्या डोळ्यासारख्यां माझ्याकडे बघता."

"बघूदे. तुमी बघू नकात. गिळा," हिरा म्हणाली.

हिरा मालवणच्या बाजारात मासे विकायची आणि घरी आल्यावर नवऱ्याला दुधी घालायची. लवूचा साखरेचा आजार जुनाच होता. गेल्या वर्षी रक्तात चरबी निघाली, यंदा युरिक ॲसिड. पायाचा अंगठा सुजून वांग्यासारखा झाला, तेव्हा डॉक्टरांनी तारली, बांगडे सगळंच बंद केलं. पुढचा रिपोर्ट चांगला आला तर आठवड्यातून दोनदा मासे, असं मात्र कबूल केलं होतं.

समोर त्याचा मुलगा निकेत बांगड्याच्या तिखल्यात तिसऱ्यांदा भात कालवत होता. पर्यटकांना बोटीतून डॉल्फिन दाखवायचा त्याचा धंदा. पाहुणे खातील ते आणि पाहुणे खातील तेव्हा खायचं, वर बाटलीतलं थंड पेय. बोटं चाटण्याचा तो आवाज ऐकून लवूला किळस आली. त्या किळशीतच त्याला युक्ती सुचली.

हिरा उठल्यावर तो कुजबुजला, "निक्या, फाल्यां सकाळी माझ्या नावान रगात दी."

"म्हंजे?"

"तुझां ताजां रगात. रिपोर्ट धुतल्यासारखो येतलो. माका दोन बांगडे गावतले."

निकेत खो खो हसला आणि सकाळी उपाशी पोटी गेलाही. लॅबमधल्या माणसाने मान वर न करता 'लवू, वय एकोणसाठ' असं लिहून घेतलं आणि सुई टोचली.

संध्याकाळी तिघं डॉक्टरांसमोर बसले. लवूने दाढी केली होती.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला.

"काका, साखर तीनशेच्या वर. ट्रायग्लिसराईड पाचशे. युरिक ॲसिड नऊ. तुम्ही नक्की काय खाता?"

"दुधी," लवू म्हणाला. इतकं खरं तो डॉक्टरांशी कधीच बोलला नव्हता.

"खोटां बोलतत!" हिरा उसळली. "चोरून खातत, डॉक्टर. ह्येंच्या अंगात रगात न्हय, काकवी आसा. परसात माडाखाली मुततत, थंय मुंग्ये लागतत. शी! रोज सकाळी माका पाणी ओतूचां लागता."

अंगठा ठणकायला लागल्यापासून लवू माडापर्यंत गेलाच नव्हता.

त्याने वळून निकेतकडे पाहिलं. निकेत भिंतीवरचं औषध कंपनीचं कॅलेंडर वाचत होता. मांडीवरची पाण्याची बाटली रिकामी झाली होती. दवाखान्यात शिरताना ती भरलेली होती.

"गोळ्यांनी भागणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आजपासून इन्सुलिन." त्यांनी फ्रिजमधून बाटली काढली आणि सिरिंज भरू लागले.

"बाबा," निकेत त्याच्या कानाशी आला. "गप ऱ्हवा. आयतवारी शिरोड्याची माणसां येतली. संजनाच्या बापाशीक कळलां तर लगीन मोडतलां."

"आणि ह्यां इंजेक्शन?"

"एक घेवा. मगे बघूया."

दुधी, कारल्याचा रस, मेथीचं पाणी, वर्षभर पोटात गेलेलं सगळं लवूच्या घशाशी आलं. तरी आत्ता कानापाशी जे ऐकलं त्याच्यापुढे ते गोड होतं. डॉक्टरांनी त्याच्या दंडाला कापूस लावला. थंडगार. त्याने दंड मागे घेतला.

"काका, घाबरू नका. मुंगी चावल्यासारखं वाटेल."

"मला नको, डॉक्टर. ते रक्त माझं नाही." लवूने निकेतचं मनगट धरून टेबलावर आणलं. मनगट घामाने ओलं होतं. "ह्याचं आहे. मीच पाठवला होता. माशांसाठी."

डॉक्टरांनी सिरिंज खाली ठेवली. हिराच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि तोंडावर पदर धरला. समोर काहीतरी नासलेलं असावं तसा.

"आये, शिरोड्याची…" निकेत म्हणाला.

हिराने उठून दार लावलं. बाहेर बाकावर ओळखीची माणसं होती.

"येवदेत तेंका," ती परत बसत म्हणाली. "जेवच्या आधी सांगतलंव. मगे जेवतीत तर जेवतीत."

लवूने मनगट सोडलं. निकेतने हात मागे घेतला, मांडीवर पुसला आणि पुन्हा टेबलावर ठेवला.