डावं काम

बैठकीच्या खोलीतली लांब भिंत दारापासून अर्ध्यापर्यंत गिलावून झाली होती, तेव्हा बाबा परांचीवरून खाली उतरले. “जरा टेकतो,” म्हणाले. टेकले ते उठलेच नाहीत.

आठवड्याने लेक कामावर परत आली. पंधरा वर्षं ती बाबांच्या जोडीने गिलावा करत होती. घरमालकीण निवृत्त शिक्षिका होती, मनाने चांगली, पण भिंतींच्या बाबतीत कडक.

“वाईट वाटतं गं,” बाई म्हणाल्या, “पण अर्ध्यात थांबलेल्या भिंतीला सांधा दिसणारच. पंधरा दिवसांनी पुट्टीवाला येतोय, त्याला सगळी गुळगुळीत करायला सांगते.”

म्हणजे बाबांचा शेवटचा हात पुट्टीखाली जाणार.

“सांधा नाही दिसला तर?” लेकीने विचारलं.

“तर राहू दे तशीच.”

बाबांना गुळगुळीत भिंतींचं वावडं होतं. तोंडदेखल्या असतात म्हणायचे. त्यांचं सगळं प्रेम लाकडी रंध्यावर, गिलावा घासायच्या मुठीच्या फळीवर. ओल्या गिलाव्यावर रंधा गोल गोल फिरवायचा, की वाळूचा कण वर येतो आणि भिंत ऊन धरते. शिवाय ते डावखुरे. कोणी चिडवलं की म्हणत, “माझं डावं कामच उजवं आहे.” हा विनोद लेकीने हजारदा ऐकला होता आणि दर वेळी कंटाळली होती.

तिने त्याच ढिगाची वाळू त्यांच्याच चाळणीने चाळली, जुनी कड तिरकी कापली, भिजवली, आणि हातभर गिलावा चढवून रंधा फिरवला. दुपारी खिडकीतून तिरपं ऊन आलं, तेव्हा तिला चूक कळली. बाबांची वळणं एकीकडे, तिची, उजव्या हाताची, दुसरीकडे. भिंतीचा मधोमध भांग पाडल्यासारखा दिसत होता. इतकी वर्षं शेजारी उभं राहूनही त्यांनी एक भिंत दोघांत कधी केली नव्हती, ते का, हे तिला आत्ता उमगलं.

तिने ओलं आहे तोवर सगळं खरवडून काढलं आणि रंधा डाव्या हातात घेतला. डावा हात म्हणजे नुसता ठोंब्या. चार दिवस ती जिन्याखालच्या भिंतीवर गिरवत राहिली, करायची, खरवडायची, पुन्हा करायची. खांदा भरून आला. पाचव्या दिवशी हाताने जरा ऐकलं, तशी ती लांब भिंतीपाशी गेली आणि कोपरा गाठेपर्यंत थांबली नाही.

भिंत वाळली. दुपारच्या उन्हात बाई चष्मा लावून दारापासून कोपऱ्यापर्यंत दोनदा चालल्या.

“नको पुट्टी,” त्या म्हणाल्या. मग हलकेच विचारलं, “कुठपर्यंत केलं होतं गं त्यांनी?”

“हे काय, इथ...” लेकीने बोट पुढे केलं, आणि ते तसंच राहिलं. ती मागे सरली, वाकून पाहिलं, तळहाताने चाचपलं. सगळीकडे एकच हात. बाबा जिथे थांबले होते, ती जागा तिने स्वतःच पुसून टाकली होती.

बाबा गेले त्या दिवसापासून ती रडली नव्हती. आता भिंतीला कपाळ टेकून रडली.

“इथेच कुठेतरी होते, बाई,” ती म्हणाली.